तीन नंबरचा बावटा

हर्णैच्या धक्क्यावर सकाळपासून
तीन नंबरचा बावटा.
समुद्र तेलासारखा गप्प,
तरी होड्या आत घेतल्या आहेत
आणि मी बर्फाच्या गाडीच्या सावलीला बसून
जाळं सांधतोय.

बावटा म्हणजे काय, ते आमच्या घरात सांगावं लागत नाही.
शर्वीच्या अंगावर तो चढला
तेव्हा ती दीड वर्षाची होती.
ताप यायचा, रक्तात काही सापडायचं नाही.
मलेरिया नाही, डेंग्यू नाही, लेप्टो नाही.
पौषातल्या पहाटे बोटांची टोकं
रातांब्याच्या सालीसारखी व्हायची.
मग पाय आखडले.
चिपळूणला डोक्याचा फोटो काढला,
त्यात पांढरे ठिपके.
चुना आहे, म्हणाल्या डॉक्टर मुल्लाबाई.

माझे आजोबा शिंपले भाजून चुना करायचे.
मी फोटोकडे बघत राहिलो,
एवढ्याशा डोक्यात
भट्टी कुणी पेटवली म्हणून.

रक्ताची नळी हैदराबादला गेली,
पाच महिन्यांनी कागद आला.
बाईंनी तो दोनदा वाचला.
एक विकर असतं, म्हणाल्या, आरएनए कापणारं.
पेशीत डीएनएची वीण चालू असते,
त्यात चुकून आरएनएचा एखादा टाका पडतो.
हे विकर तेवढाच टाका शोधतं, कापतं,
जागा मोकळी करतं.

म्हणजे नायलॉनच्या जाळ्यात सुताचा धागा, मी म्हटलं.
त्या थांबल्या.
सूत खाऱ्या पाण्यात कुजतं, जाळं तिथूनच जातं.
हरबा तांडेल आम्हाला शिकवताना म्हणायचा,
डोळ्यांनी नको, बोटांनी बघ,
सूत लागलं की काप.

हो, म्हणाल्या. आणि नाही कापलं,
तर तुटके तुकडे पेशीत साठतात.
विषाणूही असेच सुटे धागे घेऊन शिरतात ना,
म्हणून पहारेकरी फसतो.
घरचंच सूत, त्याला वाटतं चोर आला.
तो उठवतो सगळ्यांना. रोज. रात्रंदिवस.
वादळ नसतानाचा बावटा, मी म्हटलं.
कागदावर दुसरा शब्द होता.

सुचिता तोवर गप्प होती.
तिला आळीतल्या बायांनी चार वर्षं ऐकवलं होतं:
पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसलीस,
बोंबील कापलेस, भोग आता.
तिने विचारलं, बाई, म्हणजे
कापल्यामुळे नाही?
नाही, म्हणाल्या बाई. कापायचं राहिल्यामुळे.

एस.टी.त खेडपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून
रडली की हसली, मला कळलं नाही.

आम्हा दोघांकडे एकेक पातं धारेचं, एकेक बोथट.
एका धारेवर माणसाचं भागतं, आमचं भागलं,
कळलंसुद्धा नाही.
शर्वीच्या वाट्याला दोन्ही बोथट आली.
यात दोष कुणाचा नाही, असं बाई म्हणतात.
मी मान हलवतो.
मग रात्री उठून कोयता घासतो.

गोळी आहे. महाग आहे.
ती बावटा अर्ध्यावर आणते,
धागा कापत नाही.
गेल्या महिन्यात सात रात्री ताप नव्हता.
सुचिताने त्या सात तारखांना
कॅलेंडरवर कुंकू लावलंय.

दुपारी बंदर कचेरीचा शिपाई आला,
त्याने दोरी सोडली, बावटा घडी करून काखेत मारला
आणि चहाला गेला.
इतकं सोपं.

शर्वी माझ्या मांडीवर आहे.
तिची बोटं एकेका गाठीवरून फिरवतोय,
हे नायलॉन, हेही नायलॉन.
एका गाठीशी तिचा अंगठा थांबला.
मी वाकून पाहिलं.
गाठ चांगली होती, घट्ट, नायलॉनचीच.

तरी कापली.
नवी बांधली.