तिकडची केळ

सावद्याला, बाजारपट्टीच्या मागे,
सायबू तडवीचा व्हिडिओ.
दोन रुपये तिकीट, पोतं अंथरून बसायचं.
त्या रात्री कॅसेट भलतीच निघाली:
वर कराटेचं चित्र, आत थायलंडचं भूत.

भाषा कुणाला कळेना.
सायबू टीव्हीशेजारी उभा राहून सांगायचा,
ठोकून द्यायचा खरं तर:
"हा त्यांचा पोलीस पाटील.
हा जावई, मुंबईहून आलेला,
म्हंजे त्यांची जी काय मुंबई असंल तिथून.
अन् ही बाई केळीत राहते.
त्यांच्याकडची आसरा समजा."

केळीत!
सगळा व्हिडिओ हसला.
आम्ही दिवसभर घड उतरवून आलेलो,
बनियनवर चिकाचे काळे डाग.
इथून फैजपूरपर्यंत केळीच केळी,
भूत राहत असतं
तर हेमराज फिरकेनं भाडं नसतं लावलं?

आणि बाई तरी कशी.
हिरवं पातळ, तोंडाला पिठासारखी पावडर,
हवेतून चालली की वरची दोरी दिसायची.
एकदा दोरीला हिसका बसला,
ती गर्रकन फिरून पाठमोरी झाली
आणि तशीच, पाठमोरीच, भिववत राहिली गावाला.
रक्त म्हणजे नक्की सरबत.
पोरं शिट्ट्या मारत होती.

मग जावयानं कोयता काढला.
खोडावर घातला,
खरोखरच्या खोडावर,
कारण पाणी तसंच उडालं
आणि आवाज तोच, ओला, पोकळ,
जो दिवसातून दोनतीनशे वेळा
माझ्या हातातून निघतो.
ती वळली. आमच्याकडे बघितलं.
काहीतरी बोलली,
चारपाच शब्द असतील.

सायबू गप्प.
"काय म्हने रे ती?"
"मले काय माहीत," सायबू म्हणाला,
त्या रात्रीत पहिल्यांदाच खरं.

लाईट बाराची होती.
मोटार सुरू करून बांधावर बसलो.
पाटात पाणी यायला वेळ लागतो,
आधी नुसता वास येतो.
पान पानाला घासत होतं,
फाटक्या पानांच्या चिंध्या हलत होत्या
एकेक, वेगवेगळ्या,
वारा नसलेल्या बाजूलाही.
मी बॅटरी मारून वर बघितलं, बराच वेळ.
दोरी कुठेच दिसेना.

सकाळी फिरकेशेठनं विचारलं,
कोपऱ्यातलं खोड उभं कसं?
घड तर कालच उतरला तिचा.
म्हटलं, पील बारीक आहे अजून,
वाऱ्याला आड होईल, राहू द्या.

केळीचंच सांगत होतो.