अकरा अठ्ठावन्न

दोन नंबरच्या खिडकीमागे मी सतरा वर्षं बसते,
बिस्मार्कला, राज्याच्या कचेरीत, तळमजल्यावर.
काम एवढंच: कागद घ्यायचा,
यंत्राच्या जबड्यात त्याचा कोपरा द्यायचा,
आणि खट्.
त्याआधी तो कुणाच्या तरी डोक्यातला विचार असतो.
नंतर नियम व्हायच्या वाटेला लागतो.

लोकांना राज्य म्हणजे तो उंच मनोरा वाटतो, झेंडा, भाषणं.
मला विचाराल तर
राज्य म्हणजे महिन्यातला पहिला शुक्रवार.
बाराच्या आत आलं ते राजपत्रात,
नंतर आलं ते बाराच्या भावात.

फेब्रुवारीत, बाहेर वजा सव्वीस,
रस्त्यावर बर्फ आडवा सरपटत होता
तेव्हा आरोग्य खात्याचा एल्डन टोफ्टे धावत आला.
चष्म्यावर वाफ, काखेत विहिरींचा नियम:
शेतावरच्या पाण्यात नायट्रेट किती चालेल,
कोण तपासेल, पैसे कुणाच्या खिशातले.
चौदा महिन्यांचं काम. तीन सुनावण्या,
त्यातली एक शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या रेषांवर खुर्च्या मांडून.
दोनशे अकरा हरकती, प्रत्येकीला लेखी उत्तर.
एक होती बियाणं कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं,
वर्ना डॅकेन नावाच्या बाईची:
‘नातीच्या बाटलीत आमच्याच विहिरीचं पाणी होतं.
तिची नखं निळी पडली.
माझी हरकत नाही. लवकर करा.’

एल्डननं यंत्रावरचं घड्याळ पाहिलं. अकरा अठ्ठावन्न.
‘पोचलो,’ म्हणाला, आणि हसला चक्क.

ते घड्याळ ऑक्टोबरपासून सहा मिनिटं मागे होतं.
हे मला ठाऊक होतं, आणि दुरुस्ती विभागाला,
ज्यांना मी तीन अर्ज केले होते,
तिन्ही मुदतीत.

माझा हात कोपऱ्यापाशी गेला होता.
बोटभर अंतर उरलं होतं.
मनगट उलटं करून त्याला माझं घड्याळ दाखवलं. बारा चार.

‘कुणाला कळणार आहे, मारिट?’
‘खतकंपनीच्या वकिलाला,’ मी म्हटलं.
खोट्या सहा मिनिटांवर उभा केलेला नियम
कोर्टात सहा दिवस टिकत नाही.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
बाकावर बसून त्यानं चष्मा पुसला, बराच वेळ,
पुसून झाला तरी पुसत राहिला.
माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच घेतलं.
‘टर्की?’
‘टर्की.’
मग कागद काखेत मारून गेला.

साडेपाचला मी स्टुलावर चढले,
पाकीट फोडायच्या सुरीनं घड्याळाचं झाकण उघडलं
आणि काटा पुढे सरकवला.
एक मिनिटसुद्धा लागलं नाही.
ऑक्टोबरपासून मला ते एक मिनिट मिळालं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी
कचेरीचं दार उघडायच्या आधीच एल्डन पायरीवर उभा.
आठ वाजून एक मिनिट. खट्.
सगळ्यात वर त्यानं तेच कॅलेंडरचं पान ठेवलं होतं.

मधले अठ्ठावीस दिवस.
रोज सकाळी कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरात
नळ सुटला असेल, बाटली भरली असेल.
मी सगळे नमुने चाळून पाहिले,
पहिल्या पानापासून परिशिष्टापर्यंत.
त्यासाठी रकाना नाही.