गालावरची छिन्नी

जानकाबाय पदराची गाठ सोडते:
आधी तंबाखूची डबी, मग दवाखान्याची चिठ्ठी,
मग ते.
"नारलीच्या आल्यात गावला. नातवाला वाले कर याचे."

काळं पडलेलं, सुपारीच्या कापाएवढं.
रिठ्याच्या पाण्यात घासतो
तसा वर येतो एक माणूस:
नाक धारदार, मान जाड, केसांत पानं,
आणि मानेमागे लोंबणारी
फितीची दोन टोकं.

"यो नवरदेव वाटतं," जानकाबाय म्हणते,
"मुंडावल्या मागं कशा गेल्या?"

राजा आहे, मी सांगतो. रोमचा.
"कोन रोम?"
मला तरी कुठं ठाऊक.
रेवदंड्याच्या शाळेत मास्तरांनी नकाशावर छडी टेकवली होती,
चौलपासून समुद्र, मग वाळू, मग आणखी एक समुद्र,
छडी संपली, रोम पुढंच राहिलं.

उलटून पाहतो.
खुर्चीवर बाई. एका हातात काठी, दुसऱ्यात डहाळी.
जानकाबाय चपला काढते.
"आगो, ही तं शितलादेवी. केरसुनी बघ हातान."

मी गप्प.
डहाळी की केरसुणी, हे
एवढ्याशा चांदीत कुणी सांगावं,
आणि देवी म्हटल्यावर मजुरी कशी सांगावी.

काट्यावर साडेतीन ग्रॅम, किंचित वर.
एका वाळ्यालाही पुरणार नाही.
तरी सवयीनं छिन्नी घेतो.
वर मुलामा, पोटात तांबं,
असं कितीदा फसलेलं आमचं घराणं.

धार टेकवतो राजाच्या गालाला
आणि थांबतो.
तिथं आधीच एक खाच आहे.
आखूड, तिरकी, डाव्या अंगाला खोल.
सुपारीत अडकित्त्याचं पातं बसावं
तशी माझी छिन्नी तिच्यात बसते.

कोण होतास रे?
खाडीच्या काठी मांडी घालून बसलेला,
समोर उन्हानं भाजलेला परका तांडेल,
मागे कापडाचे गठ्ठे, भरतीची घाई.
त्यानं बोट ठेवलं असेल: बघ, राजाचं तोंड आहे.
तू म्हणाला असशील, तोंड राहू दे,
पोटात काय आहे ते बघू.
डावखुरा होतास का?
माझे आजोबा होते.

"काय रं, खोटी हाय?"
खरी आहे, मी म्हणतो. तपासलेली आहे.
"कवा तपासलीस? मी तं हितंच बसलीय."

वाळे बाजारच्या चांदीचे होतील, हप्त्यानं.
नाणं तिनं परत नेलं,
देवळात नाही, गाठीतच, डबीशेजारी.

त्याआधी मी ते गरम लाखेवर दाबून घेतलं,
दोन्ही अंगांनी.
लाखेत सगळं उलटं.
मी उत्तरेला तोंड करून बसतो,
म्हणून बाई आता समुद्राकडे बघते.
आणि ती खाच उंचवटा झाली आहे.
गिऱ्हाईक नसलं की
अंगठा आपोआप तिथं जातो,
शिंपल्याच्या कडेसारखं काहीतरी लागतं.