कागलला जाग आली

तवंदी घाट उतरताना मला कधी कुणी उठवलं नाही.
एकतीस वर्षं
बेळगावहून परतणाऱ्या लाल बसमध्ये बिनघोर झोपत आलो.
शेवटच्या वळणाला डोळे आपसूक उघडायचे,
हात पिशवीकडे जायचा
आणि कंडक्टर "निप्पाणी, इळीरी" म्हणेपर्यंत
मी दाराशी उभा.
बायको म्हणायची, पोटात घड्याळ आहे तुमच्या.

परवा जाग आली ती कागलला.

तापानंतर वास गेला, एवढंच दाखवायला गेलो होतो.
डॉक्टर हुक्केरींनी बारा बाटल्या हुंगायला दिल्या.
कापूर. लवंग. रॉकेल.
प्रत्येकीला मी "पाणी" म्हणालो.
बारापैकी शून्य, त्यांनी लिहिलं,
कागदाची घडी करून हातात दिली.
कागदात चूक काहीच नव्हती.
फक्त वखार नव्हती त्यात.
पोतं उसवलं की
आधी नाक पुढं व्हायचं, मागनं मी,
हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

कागलच्या स्टँडवर बाकावर बसून उलटं मोजलं.
कोगनोळीचा टोलनाका झोपेत.
राज्याची हद्द झोपेत.
जिच्यापायी आमच्या गल्लीतल्या पोरांनी लाठ्या खाल्ल्या
ती मानेखालनं निघून गेली,
गतिरोधकाएवढीसुद्धा लागली नाही.
आणि त्याआधी निपाणी.
गाव आलं, थांबलं,
माणसं उतरली,
माझ्यासाठी आलंच नाही.

तेव्हा कळलं मला उठवत कोण होतं.

नाहीतर गावाचा वास मला आलाय कधी?
पाहुण्या बायका पदर नाकाला लावून विचारायच्या, कसं राहता हो?
आम्ही म्हणायचो, कसला वास?
खोटं नव्हतं ते.
जिभेला कुठं तोंडाची चव कळते.

धारवाडला भाची आहे, सुगंधा (हो, तेच नाव),
तत्त्वज्ञान शिकवते.
फोनवर म्हणाली, मामा,
डॉक्टरांचा कागद, तंबाखूचा दर, नाकाचं शास्त्र,
सगळं थोडा वेळ खुंटीला टांगा
आणि जसं घडतंय तसं सांगा.
मी सांगायला लागलो
तर शब्द सगळे मालाच्या चिठ्ठीवरचे.
उग्र. मातकट. दोन नंबर.
ती थांबली होती पलीकडे.
बराच वेळ थांबली.

वखारीमागं रमिजाबीचा उंबरा.
तिला विचारलं, बिडी कशी वळतेस गं?
बघा की, असं, म्हणाली
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
स्वतःच्या बोटांकडं बघत वळायला गेली.
पान फाटलं. जर्दा मांडीवर.
"विचारू नका बा अण्णा,
विचारलं की येत नाही."

पायगोंडा शेठ अजून पोती पाठवतात.
काय म्हणतोय माल?
मी पान कानाशी धरतो.
काही म्हणत नाही ते.
पण बोट उचलताना किंचित चिकटतं,
सोडताना च् करतं,
एवढ्या वर्षांत हे ऐकलं नव्हतं.
दर सांगता येत नाही त्यावरून.

आता घाटात जागा असतो.
काचेला कपाळ टेकून वळणं मोजतो, चुकतो.
कंडक्टर ओरडतो.
सगळ्यांच्या मागून उतरतो, पाहुण्यासारखा,
आणि खिशातला रुमाल चाचपतो,
नाकाला लावायची वेळ यावी म्हणून.