ऐंशीला बंद

जावई अबुधाबीला निघाला तेव्हा
गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला,
"मामा, ऐंशीच्या वर नको, विसाच्या खाली नको.
नुसती उभी राहणार असेल तर निम्म्यावर ठेवा."
एकतीस वर्षं लूमवर जॉबर होतो मी.
ताणा किती ताणायचा ते मला कुणी शिकवायला नको.
पण विजेचा ताणा दिसत नाही की ओ,
बोटानं छेडून बघता येत नाही.

बायको म्हणाली, कांडीसारखंच असेल.
लग्नाआधीपासून कांड्या भरल्यात तिनं.
काठोकाठ भरली की सूत घसरतं,
टोकाशी थोडं लाकूड दिसू द्यायचं.
तेवढ्यात मला ऐंशी कळले.

अक्कलकोट रोडवरून आलो की लगेच वायर लावत नाही.
एप्रिलातलं सोलापूर, त्रेचाळीस,
पत्र्यावर टाकलेली भाकरी तासात कडक होईल.
लिंबाखाली लावतो. वाकून ऐकतो,
आत पंखा फिरतोय अजून.
मी चहा घेतो. मग जेवण. मग बातम्या.
गल्लीतले माग थांबले की
पंधरा अँपियरच्या सॉकेटात प्लग.

सॉकेट यल्लप्पानं बसवलं,
अर्थिंगला कोळसा-मीठ घातलं, वर तांब्याभर पाणी,
आणि कुरकुरला, "हे फार हळू, काका.
होटगी रोडच्या मशीनला लावा, तासात काम."
रोज कशाला घाई, यल्लप्पा?
जायचंय कुठं मला?

रविवारी सिद्धेश्वर तळ्यापर्यंत एक चक्कर.
मागच्या सीटवर शेंगांचं पोतं ठेवलं
तर पट्टा बांधा म्हणून गाडी टिटी करते.
तिला वाटतं, कुणीतरी बसलंय.
अद्वैतच्या बिस्किटांचा चुरा आहे तिथं फटीत.
धुणाऱ्या पोराला सांगितलंय, पुढचंच धू.

छप्पन. चोपन्न. एकावन्न.
थोडं लावून पुन्हा साठ.
दीड वर्ष असं.

गड्ड्याला आली सगळी, आठ दिवस.
भाग्यानं शेंगाचटणी चार किलो बांधून घेतली,
पोरानं पाळण्यात उलटी केली,
जावयानं स्क्रीनवर काहीतरी दाबून बघितलं
आणि "मामा, बॅटरी नव्यासारखी आहे" म्हणाला.
मी नुसतं हं केलं.
घरात जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

शेवटच्या रात्री म्हणाला,
"हैदराबादचं विमान आहे. आज शंभर करा."

पहिल्यांदाच.
शंभर करून उभी ठेवायची नसते, एवढं मलाही ठाऊक.
निघायच्या वेळेलाच भरली पाहिजे.
म्हणून उलटा हिशोब मांडला, दहाला प्लग लावला
आणि ओट्यावर बसून राहिलो.
दोनला ब्याऐंशी.
आत बॅगांच्या चेन ओढल्याचे आवाज.
तीनला अठ्ठ्याऐंशी.
एकदा वाटलं, लाईट जावी. गेली नाही.
पाचला शंभर.

सोडून आलो. येताना झहीराबादला एकदा लावली.
गल्लीत शिरलो तेव्हा सव्वीस उरले होते.
मागच्या सीटवर एक छोटा मोजा.

बायको दारात आली,
वायर हातात घेऊनच.
"लावू?"
म्हटलं, थांब जरा.
गरम आहे अजून.