पोटभाडेकरू

सिल्व्हर मॉलच्या दुसऱ्या मजल्यावरून
अठ्ठ्याण्णव हजारांना आणलेलं यंत्र.
बिल माझ्या नावावर, पक्कं, शिक्का मारलेलं.
त्याच्या पोटात मी त्याच कंपनीची जुनी यंत्रं वसवली,
खरी नाहीत, नुसता भास, पण कामाचा:
पहिल्यात समाजाच्या त्रैमासिकाचे जुने टाइप,
तिथे अजून रफार वाट चुकत नाही;
दुसऱ्यात रामबागेतल्या वाचनालयाची सूची,
अकरा हजार पुस्तकं,
त्यांतली कुठली कुणाकडून परत आली नाहीत तेही.
तिसरं शिदोरेकाकांचं.

तिसरं सुरू करायला गेले
तर पडद्यावर एक सभ्य चौकट:
आभासी यंत्रांची कमाल संख्या गाठली आहे.
खाली एकच बटण. ठीक आहे.
ठीक नाही, असं बटण नव्हतं.

वाटलं, मेमरी कमी पडली असेल.
पाहिलं तर अर्धी रिकामी,
पाहुणे निघून गेलेल्या हॉलसारखी.
प्रोसेसर डुलक्या काढत होता.
जागा होती.
परवानगी नव्हती.

शिदोरेकाका भाडेनियंत्रण कोर्टात
एकतीस वर्षं कारकून.
त्यांनी करारनामा छापून मागितला. त्रेचाळीस पानं.
जिरावणाचं बोट रुमालाला पुसून
पेन्सिल घेऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत.
"नीरू, हे बघ. कलम दोन, पोटकलम ब.
दोनच.
का दोन, ते कुठेच नाही.
अगं, मल्हारगंजातले मालकसुद्धा कारण द्यायचे,
छप्पर गळतंय, मुलाचं लग्न ठरलंय,
खोटं का होईना, शपथेवर द्यायचे.
इथे नुसता आकडा."
मग चष्मा काढून, जरा हळू,
"आणि तू स्वतःला मालकीण समजतेस.
भाडेकरू तू. ही तुझी पोटभाडेकरू.
पैसे मोजून घेतलेल्या घरात भाड्याने राहणारी बाई
माझ्यासमोर कधी उभी राहिली नव्हती."

दुकानातला जतीन म्हणाला, दीदी, तोड आहे,
एक ओळ बदलायची, कळणारही नाही कुणाला.
काका म्हणाले, कुलूप तोडणारेही यायचे आमच्याकडे.
दुसऱ्या बाजूने.

तेव्हा पाळ्या लावल्या,
नर्मदेच्या नळासारख्या.
त्याही एक दिवसाआड पाण्याची
आम्ही सवय करूनच घेतली होती ना,
हंडे, पिंप, छतावरची काळी टाकी.
सकाळी त्रैमासिक.
वाचनालय मागेल त्याप्रमाणे.
काकांचं मंगळवारी आणि शुक्रवारी,
कारण घाई नाही, असं ते म्हणतात.

त्यात काय आहे, मी एकदाच पाहिलं.
एकतीस वर्षांतल्या साक्षींमधून
त्यांनी वेचून ठेवलेली वाक्यं.
निकाल नाहीत, नावं नाहीत.
"नवऱ्याच्या मागे दिवा मीच लावत आले."
"भाडं मनीऑर्डरने पाठवलं, ते परत आलं,
पुन्हा पाठवलं."

निजवलेलं यंत्र उठतं
तेव्हा त्याला वाटतं अजून मंगळवारच आहे,
संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं.
वाक्य जिथे सोडलं तिथेच:
"सदर खोलीत मी"
आणि पुढे लुकलुकणारी उभी रेघ.

मी घड्याळ जुळवायला हात पुढे करते.
काका खुर्ची ओढून घेतात.
"थांब गं. आज शुक्रवार आहे
हे त्याला इतक्यात सांगू नकोस."