जिभेला चिकटतं ते

बाबांनी शिकवलेली पहिली गोष्ट:
माती मळताना आत हवेचा एवढासाही बुडबुडा राहू द्यायचा नाही.
राहिला, तर भट्टीत तो सूड घेतो.
रेझेक्नेजवळच्या आमच्या भट्टीत एका रात्री
दुधाची बावीस भांडी फुटली
एका बुडबुड्यापायी. तो माझ्या हातचा होता.
बाबा बोलले नाहीत. सकाळपर्यंत खापऱ्या उपसत राहिले.
गावात त्यांना अजून म्हणतात, न गळणारा दोनात्स.

आता रिगामध्ये, चौथ्या मजल्यावर,
मी पगार घेऊन भोकं बनवते.

स्पंजचा तुकडा. आंघोळीचा असतो तसाच, फक्त मोजून कापलेला.
हाडात असतात त्याच क्षारांची भुकटी
पाण्यात दाट कालवायची, त्यात तो बुडवायचा
आणि पिळायचा.
फार पिळला तर सांगाडा लुळा,
कमी पिळला तर दारं बंद.
किती, ते कुठल्याच वहीत नाही. अंगठ्याला कळतं.
मग भट्टी: मिनिटाला एक अंश, घाई नाही.
पाचशेच्या आत स्पंज जळून जातो,
त्याचं नसणं तेवढं मागे उरतं
आणि बाराशे पन्नासला ते पक्कं होतं.
निम्मे तुकडे तडकतात. परवा तर सगळेच.
उरलेले इल्गवार्स सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो:
शंभरात ऐंशी भाग काहीच नाही.
"छान," म्हणतो.

एप्रिलात बाबा आले, बसने चार तास,
मांडीवर अळंब्यांच्या लोणच्याची बरणी.
तुकडा हातात घेतला. नखाने टिचकी मारली,
कानाशी धरला. नाद नाही.
खिडकीकडे धरून आरपार पाहिला.
"याला वाळवी लागलीय."

मी सांगत गेले: हा कुणाच्या तरी जबड्यात बसेल,
आत रक्त शिरेल, मागोमाग बारीक बारीक वाहिन्या,
मग हाड एकेक खोली घेत जाईल;
भरीव असता तर
सगळं उंबऱ्यावरच ताटकळलं असतं.

ऐकलं की नाही, कोण जाणे.
कच्ची भाजणी पारखायला जन्मभर करत आले तसं
त्यांनी जिभेचं टोक तुकड्याला लावलं.
चिकटलं. ओढून सोडवावं लागलं.

"हाड आहे हे."

"अजून नाही, बाबा.
अजून कुणीतरी राहायला यायचंय."

त्यांनी रुमालाने जीभ पुसली,
फुटक्यांच्या डब्यातला एक न विचारता खिशात टाकला
आणि म्हणाले, शेवटची बस कितीला?